जुन्या ट्रकच्या इंजिनाचे बोल्ट परत परत ढिले का होतात, आणि आधीच्या मिस्त्रीचं ठिगळ कसं उसवायचं

दादा, तुमचा प्रश्न दोनदा वाचला, सोबतचे फोटोही बघितले. तुम्ही सहा महिन्यांपूर्वी जुना टाटा १६१३ घेतला, ६९७ इंजिनवाला. तेव्हापासून अल्टरनेटरचा ब्रॅकेट दोनदा तुटला, सायलेन्सर मॅनिफोल्डचे (सगळ्या सिलिंडरांचा धूर गोळा करून सायलेन्सरकडे नेणाऱ्या भागाचे) नट दर पंधरा दिवसांनी ढिले होतात, इंजिन फाउंडेशनचा (इंजिन चेसिसवर धरणाऱ्या आधाराचा) एक बोल्ट तर रस्त्यातच पडला, आणि जिथं हात घालावा तिथं आधी कुणीतरी केलेलं वेल्डिंग नाहीतर एम-सील सापडतंय. आता सगळं परत आवळून वेल्डिंग मारून चालवायचं की इंजिन खाली उतरवून पूर्ण खोलायचं, असं तुम्ही विचारलंय.

दोन्ही नको, निदान लगेच तरी नको. मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात एकतीस वर्षं हेच काम करतोय, ऊस ओढणाऱ्या आणि बॉक्साइट ओढणाऱ्या गाड्या जास्त, आणि इतक्या वर्षांत एक गोष्ट मला पक्की कळलीय की ढिला झालेला बोल्ट हा आजार नसतो, ते आजाराचं लक्षण असतं, तो का ढिला झाला हे कळायच्या आत त्याला पाना लावला की आपण पुरावा पुसून टाकतो. तुमच्या गाडीवर आधीच्या चार-पाच जणांनी नेमकं हेच केलंय. प्रत्येकाने मागच्याच्या ठिगळावर आपलं ठिगळ लावलं.

आधी बोल्ट धरतो कसा हे समजून घ्या, मग पुढचं सगळं सोपं जाईल. बहुतेकांना वाटतं आटे एकमेकांत अडकतात म्हणून बोल्ट धरतो. तसं नसतं, आवळल्यावर बोल्ट रबरासारखा किंचित ताणला जातो आणि तो ताण दोन भागांना दाबून धरतो. किती ताणतो? १० एमएमचा बोल्ट, ५० एमएम जाडीचा माल पकडलाय, व्यवस्थित आवळलाय, तर तो ताणतो साधारण ०.१ एमएम, म्हणजे एका केसाएवढा, बस. आता त्या बोल्टखाली रंगाचा जाड थर असेल, किंवा चार वायसर एकावर एक घालून अंतर भरलेलं असेल, किंवा गंज आणि जुन्या पॅकिंगचा चोथा तसाच असेल, तर इंजिन गरम होऊन थरथरलं की हे सगळं दबतं, बसतं, आणि तेवढ्यात तो केसाएवढा ताण संपून जातो. बोल्ट फिरलेला नसतो, एक आटाही मागे आलेला नसतो, तरी ढिला झालेला असतो! मग दोन भाग एकमेकांवर आडवे सरकायला लागतात आणि त्या सरकण्यानेच बोल्ट उलटा फिरतो. १९६९ साली जर्मनीत गेरहार्ड युंकर नावाच्या इंजिनियरने हेच प्रयोग करून दाखवलं होतं, की आडवी हालचाल असली की बोल्ट स्वतःहून सुटत जातो. आणि म्हणूनच नुसत्या स्प्रिंग वायसरवर माझा भरवसा नाही. हे खूप मिस्त्रींना पटणार नाही, पण चांगल्या बोल्टचा ताण इतका असतो की स्प्रिंग वायसर त्याच्यापुढे सुरुवातीलाच सपाट होऊन जातो, त्यानंतर तो साधा वायसरच.

यातून अजून एक गोष्ट निघते जी तुमच्या अल्टरनेटर ब्रॅकेटला थेट लागू आहे. बोल्ट जितका आखूड तितका तो कमी ताणतो. पातळ पट्टी धरणारा बोल्ट ताणतोच दोन-तीन शतांश एमएम, त्यामुळे जरा काही बसलं की संपला. लांब बोल्ट आणि खाली लेथवर बनवलेला एकजीव बुश, ही जोडी चार वायसरच्या चळतीपेक्षा कितीतरी पटीने टिकते.

आता हात लावायच्या आधीचं काम. इंजिन धुऊन घ्या, पण धुताना अल्टरनेटर, स्टार्टर आणि हवेचा तोंडाकडचा पाइप प्लास्टिकने बांधा, आणि इंजिनावरच्या डिझेल पंपावर प्रेशरचं पाणी मारू नका. विकणारे लोक गाडी विकायच्या आधी इंजिनाला सिल्व्हर रंग मारून देतात, तुमच्याही गाडीला मारलेला दिसतोय, फोटोत बोल्टच्या डोक्यांवरसुद्धा रंग आहे. त्या रंगाला नावं ठेवू नका, तो आपल्या कामाचा आहे, कारण जिथं रंगाला चीर गेलीय किंवा जिथून तांबूस पावडर गळलीय तिथं दोन भाग एकमेकांवर घासतायत. ती लाल पावडर म्हणजे लोखंड घासून झालेला गंज असतो. मोबाइलने प्रत्येक बाजूचे फोटो काढा, लाल पावडरची जागा खडूने खूण करा. मग छोटी हातोडी घेऊन प्रत्येक बोल्टच्या डोक्यावर हलकेच टकटक करा, दुसऱ्या हाताचं बोट बोल्टच्या शेजारी ठेवून. घट्ट बोल्टचा आवाज खणखणीत येतो, ढिल्याचा बद्द येतो आणि बोटाला वेगळी हालचाल लागते. कानाला सवय व्हायला एक दिवस जातो, पण पान्याने न हलवता ढिला बोल्ट ओळखायची याच्यापेक्षा स्वस्त पद्धत मला माहीत नाही.

त्यानंतर बघायचं थरथर येते कुठून, कारण इतके बोल्ट एकाच गाडीत ढिले होतात म्हणजे कुणीतरी गाडी हलवतंय. गाडी उभी, न्यूट्रल, इंजिन चांगलं गरम. हळूहळू रेस वाढवा आणि कुठल्या रेसला जास्त हलतंय ते बघा. मग क्लच दाबा. क्लच दाबल्यावर फरक पडला तर क्लच प्लेट किंवा गिअरबॉक्सच्या पुढच्या शाफ्टकडे संशय. काहीच फरक नाही तर इंजिन, पंखा, फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट, कारण प्रेशर प्लेट क्लच दाबला तरी फ्लायव्हीलबरोबर फिरतच असते. मग इंजिन बंद करून पंख्याचे पट्टे काढा आणि फक्त अर्धा मिनिट चालवून बघा, जास्त नाही, पाणी फिरत नसतं. थरथर गेली तर दोषी पंखा किंवा वॉटर पंपाचं बेअरिंग. मी एका गाडीत पंख्याचं एक पातं वेल्डिंग करून जोडलेलं बघितलंय, बाकीच्या पात्यांपेक्षा दीड इंच आखूड, आणि त्या मालकाने वर्षात तीन वॉटर पंप बदलले होते. गाडी उभी असताना शांत आणि रस्त्यावर ठराविक स्पीडलाच थरथरत असेल तर इंजिन सोडून द्या, प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस आणि सेंटर बेअरिंग बघा.

आयडलला धक्के देत असेल तर एखादा सिलिंडर कमी काम करतोय. नोझलकडे, म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या भागाकडे, जाणाऱ्या पाइपचा नट एकेक करून अर्धा फेरा ढिला करायचा, ज्याच्या ढिला केल्याने इंजिनच्या आवाजात काहीच फरक पडत नाही तो सिलिंडर झोपलाय. पण हे करताना वरून जाड फडकं टाका आणि हात व तोंड त्या नटाच्या समोर आणू नका, त्या पाइपमधलं डिझेल कातडी फोडून आत जाण्याएवढ्या दाबाने येतं, आणि तसं कधी झालंच तर जखम सुईएवढी दिसली तरी ताबडतोब दवाखाना गाठायचा. सहा सिलिंडरमधला एक झोपला की इंजिन मधूनमधून लंगडत फिरतं, आणि तो लंगडेपणा सगळा फाउंडेशनच्या रबरांवर आणि ब्रॅकेटांवर येतो. म्हणून मी कधीकधी ब्रॅकेट तुटलेली गाडी आधी नोझलवाल्याकडे पाठवतो, मालक चिडतात, पण ब्रॅकेट मग तुटत नाही.

क्रँकच्या पुढच्या पुलीजवळचा डँपर, म्हणजे क्रँकची थरथर शोषणारी जड रिंग, विसरू नका, कारण तो कुणीच बघत नाही. रबर बसवलेला डँपर असेल तर आतल्या भागावरून बाहेरच्या रिंगवर सलग एक रंगाची रेघ मारा, आठवडाभर गाडी चालवा, रेघ तुटून बाजूला सरकली तर रबराने पकड सोडलीय. असा डँपर घेऊन फिरलात तर पुढे क्रँकच तुटू शकतो. आधीच्या मिस्त्रीने स्वस्तात मिळाली म्हणून साधी पुली बसवली असेल, हेही मी दोन-तीनदा बघितलंय.

आता ठिगळांकडे. ६९७ हा आकडा काय सांगतो बघा, ६ सिलिंडर आणि ९७ एमएम बोअर. स्ट्रोक १२८ एमएम, मिळून ५,६७५ सीसी. टेल्को (टाटा मोटर्सचं जुनं नाव) आणि डेमलर-बेंझचा करार १९५४ ते १९६९ चालला, त्या घराण्यातलं हे इंजिन, मर्सिडीजच्या ओएम ३५२ चीच मापं. तुमच्या कामाला यातलं इतकंच लागतं की इंजिनावरचे आटे मेट्रिक आहेत. म्हणजे या इंजिनात तुम्हाला सुती, म्हणजे इंची मापाचा, बोल्ट सापडला की समजायचं इथं कुणीतरी हात मारलाय. तीन सुती म्हणजे ३/८ इंची बोल्ट हा ९.५ एमएमचा आहे, आणि त्याच्या आट्यांमधलं अंतर जवळजवळ १.६ एमएम, तर १० एमएमच्या साध्या बोल्टचं १.५. इतकं जवळ की तीन सुती बोल्ट १० एमएमच्या भोकात हाताने चार-पाच आटे छान जातो, मग जरा जड होतो, मिस्त्रीला वाटतं घट्ट झाला. तो घट्ट झालेला नसतो, तो आट्यांच्या टोकांवर कसाबसा लटकलेला असतो आणि आतले चांगले आटे खात असतो. काढलेला प्रत्येक बोल्ट आट्यांच्या गेजवर घालून बघा, ते गेज शंभर-दोनशे रुपयांत येतं. पंधरा-वीस बोल्ट तरी तुमच्या गाडीत चुकीचे निघतील.

बोल्टच्या डोक्यावर काय लिहिलंय तेही बघा. ८.८ लिहिलेला बोल्ट म्हणजे एका चौरस एमएमला ८०० न्यूटन ओढ सोसणारा, आणि त्याच्या ८० टक्क्यांपर्यंत कायमचा न लांबणारा. १०.९ त्याहून मजबूत. डोकं कोरं असेल तर तो खिडकीच्या ग्रिलचा बोल्ट आहे असं समजून बाजूला टाका, इंजिनावर परत लावू नका. आवळायचं माप विचाराल तर ८.८ ला साधारण ८ एमएमला २५ न्यूटन मीटर, १० एमएमला ५०, १२ एमएमला ८५. जुने लोक किलोमध्ये बोलतात, ५० म्हणजे ५ किलो, म्हणजे एक फुटी पान्याच्या टोकावर साधारण १६-१७ किलोचा जोर. अॅल्युमिनियममध्ये जाणाऱ्या बोल्टला यापेक्षा कमी. हेड, मेन बेअरिंग, कॉन रॉड (पिस्टनला क्रँकशी जोडणारा दांडा) आणि फ्लायव्हील यांना मात्र हा अंदाज लावायचा नाही, कंपनीच्या पुस्तकातलं माप आणि टॉर्क पाना, दुसरं काही नाही. पान्याला पाइप लावून लटकायची सवय ज्याला आहे त्याला या चार जागी हात लावू देऊ नका.

आटे गेलेल्या भोकात लोक काय काय घालतात! तांब्याची तार, डब्याचा पत्रा, टेफ्लॉन, एम-सील, एकदा तर मला सायकलच्या स्पोकचा तुकडा सापडला. हे सगळं काढून भोक स्वच्छ करायचं आणि त्यात हेलिकॉइल बसवायचं, म्हणजे मोठं भोक मारून, त्याचा वेगळा टॅप फिरवून, आत स्टीलच्या तारेचे नवीन आटे. किटमध्ये ड्रिल, टॅप आणि कॉइल सगळं येतं, ड्रिल त्या किटचंच वापरा. नीट बसवलेलं हेलिकॉइल मूळ आट्यांपेक्षा मजबूत होतं, मी तर अॅल्युमिनियममध्ये बिघडायच्या आधीच बसवतो. भोक सरळ मारता आलं पाहिजे हीच एक अट, हातात ड्रिल धरून डोळ्याने अंदाज घेऊ नका, ब्रॅकेटच उलटा बसवून त्याच्या भोकातून बुश घालून ड्रिलला वाट द्या.

तुटलेल्या स्टडसाठी, म्हणजे दोन्ही टोकांना आटे असलेल्या बिनडोक्याच्या बोल्टसाठी, लोक पहिल्यांदा इझी आउट (तुटका तुकडा फिरवून काढायचा उलट्या आट्यांचा स्क्रू) काढतात आणि तो आत तोडून बसतात, मग स्टडही गेला आणि त्यात कडक पोलादाचा तुकडाही, ड्रिलला दाद देत नाही. माझी पद्धत अशी, तुटलेल्या टोकावर एक नट ठेवायचा, नटाच्या भोकातून वेल्डिंग भरायचं, लाल असतानाच थोडं थांबून, काळं पडलं की हळू मागेपुढे, मागेपुढे फिरवायचं. उष्णतेने गंजाची पकड सुटते, आणि गरम असताना मेणबत्ती टेकवली की मेण आट्यांत ओढलं जातं. पहिल्या नटाला नाही आला तर दुसरा, तिसरा. एका मॅनिफोल्डच्या स्टडला मला सात नट लागले होते, पण निघाला. आणि गाडीवर वेल्डिंग करायच्या आधी बॅटरीच्या दोन्ही केबल काढा, नाहीतर अल्टरनेटरचे डायोड जातात.

मॅनिफोल्डबद्दल जरा सविस्तर सांगतो कारण तुमचा खरा त्रास तिथं आहे. सहा सिलिंडरचा मॅनिफोल्ड लांबलचक असतो, गरम झाला की लांबीला वाढतो, थंड झाला की आक्रसतो, रोज. त्याला थोडं सरकू दिलं पाहिजे. नट ढिले होतात म्हणून आधीच्या मिस्त्रीने ते पाइप लावून आवळले असणार, मग मॅनिफोल्ड सरकू शकला नाही, वाकडा झाला, आणि वाकड्या मॅनिफोल्डखाली दोन-दोन पॅकिंग घातली असणार. तुमच्या फोटोत शेवटच्या पोर्टजवळ मला दोन पॅकिंगच्या कडा दिसतायत. दोन पॅकिंग म्हणजे दबणारा दुप्पट माल, म्हणजे दर पंधरा दिवसांनी ढिलं. मॅनिफोल्ड काढा, तोंडावर सरळ पट्टी ठेवून खालून फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घाला, कुठेही ०.२ एमएमच्या वर गेलं तर सरफेस ग्राइंडिंगवाल्याकडे द्या, सगळी तोंडं एका पातळीत काढून घ्या. मग एकच चांगलं पॅकिंग, नवे स्टड, आणि मॅनिफोल्डचे खास नट. स्प्रिंग वायसर इथं अजिबात नको, त्या उष्णतेला त्याची स्प्रिंगच मरते. लॉकटाइट, म्हणजे आटे चिकटवून धरणारं औषध, तेही नको, निळं २४३ वालं १८० डिग्रीच्या पुढे धरत नाही. मधल्यापासून सुरू करून दोन्ही टोकांकडे आवळत जा, दोन-तीन टप्प्यांत.

आणि एवढं सगळं करून परत ढिलं होऊ नये असं वाटत असेल तर खाली वाका आणि सायलेन्सरच्या पुढच्या पाइपला धरणारा ब्रॅकेट जागेवर आहे का बघा. माझ्याकडे येणाऱ्या अशा गाड्यांमध्ये तो बहुतेक वेळा नसतोच. कधीतरी क्लचचं काम करताना काढलेला, परत लावलाच नाही. मग त्या अख्ख्या पाइपचं वजन आणि खड्ड्यांचे झटके सगळे मॅनिफोल्डच्या नटांवर. पन्नास रुपयांची पट्टी नाही म्हणून वर्षानुवर्षं नट आवळत बसतात लोक.

अल्टरनेटर ब्रॅकेटचंही तसंच. वेल्डिंग करून घेतलेला ब्रॅकेट थंड होताना ओढला जातो, पुली तिरकी बसते, पट्टा एका कडेला घासतो, सुटतो म्हणून अजून ताणतात, आणि तो ताण परत वेल्डिंगच्याच कडेला फोडतो. नवीन किंवा चांगला जुना ब्रॅकेट आणा, पुण्यात नाना पेठेत किंवा इथं आमच्याकडे मिळून जाईल. भोकं लांबट झाली असतील तर लेथवर बोअर करून बुश ठोकून घ्या. बसवण्याआधी ब्लॉकची आणि ब्रॅकेटची बसायची जागा रंग खरवडून उघडं लोखंड दिसेपर्यंत साफ करा. दोन पुल्यांवर दोरी ताणून धरा, चारही ठिकाणी टेकली पाहिजे. मागचा आधाराचा बोल्ट जर भोकाला पोचत नसेल तर तो आवळून ओढायचा नाही, मधलं अंतर मोजून तेवढ्याच जाडीचा बुश घाला, आवळून ओढला की ब्रॅकेट बसल्या दिवसापासून ताणाखाली असतो.

फाउंडेशनची रबरं सगळी एकदम बदला, एक नवं आणि बाकीची दबलेली असं केलं की इंजिन तिरकं बसतं. रबर बदलताना इंजिन संपवर, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या पत्र्याच्या टाकीवर, जॅक लावून उचलू नका, संप चेपतो. बेल हाउसिंगचे, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्समधल्या क्लचच्या घराचे, बोल्टही ढिले असतील तर तिथल्या डॉवेल पिना आहेत का ते बघा. त्या पिनांचं काम जागा धरायचं, बोल्टांचं काम दाबून धरायचं. घाईत गिअरबॉक्स चढवणारे पिना टाकून देतात आणि मग सगळा आडवा मार बोल्टांवर येतो. नोझलच्या पाइपांना मधे-मधे ज्या क्लिपा असतात त्या नसतील तर बसवा, आणि पितळेने जोडलेला प्रेशर पाइप असेल तर तो बदलाच, तेवढ्याच लांबीचा. इंजिन आणि चेसिसमधली अर्थची पट्टी जागेवर आहे का तेही बघा.

कास्ट आयर्नच्या ब्लॉकला किंवा हाउसिंगला साध्या रॉडने वेल्डिंग केलेलं दिसलं तर ते परत फुटणार, आजच नाही पण फुटणार, कारण वेल्डिंगच्या कडेचं बीड काचेसारखं कडक आणि ठिसूळ होतं. नीट करायचं तर चीर जिथं संपते तिथं दोन्ही टोकांना भोक मारायचं म्हणजे ती पुढे जात नाही, जुनं वेल्डिंग पूर्ण घासून काढायचं, गरम करून निकेल रॉडने इंच-इंचाचे तुकडे मारायचे, प्रत्येक तुकडा गरम असतानाच हातोडीने हलके ठोकायचा, आणि शेवटी राखेत नाहीतर चुन्यात पुरून सावकाश थंड होऊ द्यायचं. पाण्याच्या जॅकेटची बाहेरची चीर असेल तर मी वेल्डिंग करतच नाही, स्टिचिंग करून घेतो, म्हणजे चिरेवर ओळीने भोकं मारून धातूच्या पिना बसवतात, त्यात उष्णताच नसते.

आता इंजिन खोलायचं का. आधी ऑइल बदलताना फिल्टर कापून बघा, आतला कागद पसरून लोहचुंबक फिरवा. मग साधं यांत्रिक प्रेशर गेज लावून इंजिन पूर्ण गरम असताना आयडलला ऑइल प्रेशर किती राहतं ते बघून पुस्तकाशी ताडा, डॅशबोर्डचा काटा जुन्या गाडीत खरं बोलेलच असं नाही. ब्रीदरमधून, म्हणजे इंजिनाच्या पोटातली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून, किती धूर येतो बघा. हे सगळं बरं असलं तरी संप एकदा खाली घ्याच, याचं कारण तुमच्या फोटोतच आहे, प्रत्येक जोडातून सिलिकॉन बाहेर आलंय. जेवढं बाहेर आलंय तेवढंच आत गेलेलं असतं, ते शेवयांसारखं तुटून ऑइल पंपाच्या जाळीत बसतं. जाळी अर्धी बुजली की प्रेशर आयडलला ठीक वाटतं आणि घाटात पडतं. माझ्याकडे गगनबावड्याच्या घाटातून ओढून आणलेली गाडी होती, बेअरिंग चिकटलेलं, जाळीत मूठभर निळं सिलिकॉन. पॅकिंग चांगलं आणि तोंड सपाट असेल तर सिलिकॉन लागतच नाही, लागलंच तर दोऱ्याएवढं.

संप खाली आहे तोवर कॉन रॉडचे बोल्ट बघा. हे मी हात जोडून सांगतो. माझ्या सुरुवातीच्या दिवसांत, गळीत हंगाम चालू असताना, एका गाडीचं हाफ इंजिन (इंजिन अर्धं खोलून केलेली दुरुस्ती) दुसरीकडे करून झालं होतं आणि मालक माझ्याकडे फक्त ऑइल लीक बघायला आला होता. संप काढायचा म्हणालो तर हंगाम आहे, वेळ नाही म्हणाला, मीही ऐकलं, बाहेरून पॅकिंग बदलून दिलं. अकरा दिवसांनी ती गाडी उसाने भरलेली असताना कॉन रॉड ब्लॉक फोडून बाहेर आला. खोलल्यावर दिसलं की एका रॉडला दोनपैकी एक बोल्ट कोऱ्या डोक्याचा होता, बाजारातला. ड्रायव्हरला काही झालं नाही, पण मागून मोटारसायकल येत होती, ऑइलवरून घसरली, तो पोरगा महिनाभर अंथरुणात होता. मी त्या दिवशी संप काढला असता तर अर्ध्या तासात तो बोल्ट दिसला असता. तेव्हापासून ज्या गाडीवर आधी कुणाचा कच्चा हात लागलाय तिचा संप मी काढतोच, मालक नाही म्हणाला तर काम घेत नाही.

तर कॉन रॉडचे सगळे बोल्ट एकाच जातीचे आहेत का बघा, एकेक काढून त्याची लांबी नवीन बोल्टशी ताडा, मधे कंबर बारीक झालेली किंवा लांबी वाढलेली असेल तर पूर्ण सेट बदला. खरं तर किंमत बघता सेट बदलाच. एकेका रॉडची कॅप काढाल तेव्हा बेअरिंग शेलही बघून घ्या, आतला पांढरा थर जाऊन तांबूस दिसायला लागलं असेल तर मात्र इंजिन उतरवायचा निर्णय होऊन गेला. शेल बरे असतील, ऑइल प्रेशर बरं असेल, फिल्टरमध्ये चकाकी नसेल, तर इंजिन जागेवरच राहू द्या.

क्रमाने सांगायचं तर मी तुमची गाडी अशी करेन. पहिले दोन दिवस फक्त धुणं, फोटो, टकटक आणि थरथरीचा शोध, पाना नाही. मग नोझल टेस्टिंग, पंखा, डँपर, फाउंडेशन, म्हणजे हलवणारं आधी शांत करायचं. मग संप. त्यानंतर मॅनिफोल्ड आणि ब्रॅकेट, एका वेळी एकच जागा पूर्ण करायची, दहा जागा उघडून ठेवायच्या नाहीत, त्यातच बोल्टांची अदलाबदल होते. गाडीखाली काम करताना चाकांना दगड लावा आणि नुसत्या जॅकवर भरवसा ठेवू नका, खाली लाकडी ओंडके द्याच.

प्रत्येक आवळलेल्या बोल्टवर, डोक्यावरून खालच्या भागापर्यंत, पिवळ्या ऑइल पेंटची एक बारीक रेघ मारा. ५०० किलोमीटर झाले की टॉर्च घेऊन फक्त रेघा बघा. रेघ सरळ आहे पण टकटक बद्द येतेय, म्हणजे खाली काहीतरी दबलंय, बोल्ट काढून बसायची जागा परत साफ करायची. रेघ तुटलीय म्हणजे बोल्ट फिरलाय, तिथं अजून आडवी हालचाल आहे, कारण शोधा, नुसता आवळू नका. मॅनिफोल्ड मात्र पहिल्या दोन-तीन गरम-थंड फेऱ्यांनंतर, थंड असताना, एकदा हलक्या हाताने परत बघायचा असतो, ते चालतं.

संप काढला की जाळीचा आणि कॉन रॉडच्या बोल्टांच्या डोक्यांचा जवळून फोटो टाका, आणि मॅनिफोल्डच्या तोंडाखाली फीलर किती गेला ते प्रत्येक पोर्टचं लिहून टाका. मी संध्याकाळी सातनंतर बघतो.